बारा वेळा थँक यू

मॅडमनी टेबलावर पेन ठेवला आणि म्हणाल्या, "हे पापलेट समज. आता विकून दाखव. तुझी आई विकते तशी."

वर्ग हसला. मोठ्यानं नाही. आमच्या वर्गात मोठ्यानं कुणी हसत नसे, नाकातून हसत.

मी उभी होते, वही छातीशी धरून. विषय होता संवाद कौशल्य. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला सगळ्यांना सक्तीचा. फळ्यावर तीन रकाने आखले होते. दुबळा, आक्रमक, ठाम. माणसं या तीनच प्रकारे बोलतात म्हणे. दुबळ्याचं उदाहरण होऊन गेलं होतं. एका मुलानं साहेबाकडे घाबरत घाबरत सुट्टी मागून दाखवली होती, त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. आता आक्रमकाची पाळी होती. मॅडमनी कोण करणार म्हणून विचारलंसुद्धा नाही. बोट सरळ माझ्याकडे.

"तू पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली ना? मग तुला वेगळं काही करायचंच नाहीये. नुसतं घरच्यासारखं बोल."

मी म्हटलं, "मॅडम, माझी आई बाजारात बसत नाही. धक्क्यावर लिलाव पुकारते."

"तेच ते गं," मॅडम म्हणाल्या. "आवाज तर तोच ना?"

मी तरी जागची हलले नाही. तेव्हा त्या जवळ आल्या. खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज फार गोड. रागावल्या तरी गोडच राहायचा. म्हणाल्या, "घाबरतेस कशाला? आपल्या वर्गाचा पहिला नियम काय आहे? या खोलीत बोललेलं या खोलीतच राहतं. मी शब्द देते."

इथं माझी चूक झाली. ही चूक त्या वर्गात दुसऱ्या कुणी केली नसती. शांभवीनं केली नसती, जूचंद्रच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये राहायची ती. तिच्या घरी शब्द देतात म्हणजे नुसतं बोलतात, हे तिला लहानपणापासून माहीत असणार. आमच्याकडे चार माणसांसमोर एखादी बाई 'शब्द देते' म्हणाली की विषय संपतो. धक्क्यावर सगळा धंदा त्यावरच चालतो. कागद नाही, सही नाही. होड्या लागतात, मासळीच्या टोपल्या उतरतात, आय, म्हणजे माझी आई, मधे उभी राहते आणि भाव पुकारते. भोवतीच्या बायका वाढवत जातात. शेवटचा भाव बोललेल्या बाईचा हात टोपलीवर पडला की ती टोपली तिची. मागून मासळी बारकी निघाली, बर्फ कमी निघाला, तरी शब्द फिरवायचा नाही. कुणी फिरवलाच तर दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नाही. ती भाव वाढवत राहते आणि तिच्यासमोरून टोपल्या दुसऱ्या बायका घेऊन जातात.

अशा घरातली मी. मॅडम चाळीस जणांसमोर शब्द देते म्हणाल्या आणि मी विश्वास ठेवला.

वही बाकावर ठेवली. ओढणी कमरेला खोचली. आणि आयची नक्कल केली.

खरं सांगते, मी आयसारखं केलं नाही. त्यांना पाहिजे होतं तसं केलं. आय कधी शिवी देत नाही, मी दिली. आय मांडीवर थाप मारत नाही, मी मारली. आयची एक सवय आहे. तिसऱ्यांदा भाव पुकारताना ती गोल फिरून प्रत्येकीच्या तोंडाकडे बघते आणि फिलूमावशीपाशी आली की हात कानामागे नेऊन थांबते. फिलूमावशी म्हातारी आहे, तिचा आवाज बसलाय. तिचं बोलणं इंजिनाच्या आवाजात बुडू नये म्हणून आय सगळा लिलाव थांबवून तिच्याकडे वाकते. मी तेसुद्धा केलं. हात कानामागे नेला आणि डोळे बाहेर काढून "काय? काय बोलतंस? जोरान बोल!" म्हणून किंचाळले.

वर्ग फुटला. त्या दिवशी पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले, बाकावर हात आपटून. मला आवडलं. हे लिहायला नको वाटतं, पण आवडलं. दीड वर्ष त्या वर्गात मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. त्या दिवशी चाळीस जण माझ्याकडे बघत होते.

मॅडमनी आक्रमकाच्या रकान्यात खडूनं लिहिलं, 'कोळीण'. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं.

खाली बसले तेव्हा दिसलं की शांभवीचा मोबाईल माझ्याकडे रोखलेला आहे. मॅडम म्हणाल्या, "मीच सांगितलंय. निरीक्षणासाठी. आपल्यातच राहील."

* * *

त्यानंतर मॅडमनी मला हाती घेतलं. हा त्यांचाच शब्द. स्टाफरूममध्ये त्या दुसऱ्या बाईंना सांगत होत्या, "तिला मी हाती घेतलंय. कच्चा माल आहे, पण होईल."

पहिलं काम आवाजाचं. मॅडमनी वर्गाला सांगितलं, हिला मदत करायची. हिचा आवाज चढला की बोलायचं काही नाही, नुसता पंजा पालथा धरून खाली आणायचा. शब्दानं दुखावलं जातं, खुणेनं नाही. सगळ्यांना ही खूण फारच आवडली. वर्गात पंजे खाली. जिन्यात पंजे खाली. मी कँटीनमध्ये चहा मागितला आणि पलीकडच्या टेबलावरून चार पंजे खाली आले. चार दिवसांनी कँटीनवाल्यानंही पंजा खाली केला आणि हसला. त्याला वाटलं ही आमची काहीतरी गंमत आहे. मी चहा मागायचा सोडून दिला.

मग आला फीडबॅकचा तास.

खुर्च्या गोल मांडल्या. आमच्या गटात माझ्याशिवाय बारा जण. एकेकानं मधल्या खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याबद्दल खरं ते सांगायचं. नियम दोन. सांगणाऱ्यानं वाक्याची सुरुवात 'मला असं वाटतं' अशी करायची, म्हणजे तो आरोप होत नाही, ती भावना होते. आणि ऐकणाऱ्यानं डोळ्यांत बघून, हसून, 'थँक यू' म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही. सफाई द्यायची नाही. मॅडम म्हणाल्या, प्रगल्भ माणूस फीडबॅक भेट म्हणून घेतो.

माझ्या आधी चौघे बसले. मला असं वाटतं तू थोडा उशिरा येतोस. मला असं वाटतं तुझं हस्ताक्षर छान आहे. थँक यू, थँक यू.

मग मी बसले.

"मला असं वाटतं की तुझ्या बाजूला बसलं की वास येतो."

मॅडमनी मान डोलावली. "किती प्रामाणिक! बघा, सांगायला धैर्य लागतं. टाळ्या."

टाळ्या झाल्या. माझी पाळी. मी डोळ्यांत बघितलं. हसले.

"थँक यू."

"मला असं वाटतं की तुला काही कळलं नाही तरी तू मान हलवतेस."

"थँक यू."

"मला असं वाटतं की तू इथपर्यंत आलीस हेच खूप आहे."

"थँक यू."

"मला असं वाटतं, तुझ्याकडे बघितलं की मला माझ्या घरच्यांची किंमत कळते."

"थँक यू."

शांभवी शेवटची होती. तिनं केस कानामागे घेतले आणि मॅडमकडे बघत म्हणाली, "मला असं वाटतं की तू वर्गात आलीस की मला मागे न बघताच कळतं."

बारावं थँक यू मी म्हटलं तेव्हा माझे गाल दुखत होते. हसून हसून. मॅडमनी वर्गाला सांगितलं, "बघा, एकदाही चिडली नाही. हा बदल." आणि मला पुन्हा टाळ्या.

त्यांनी शिवी दिली असती तर मीही उलट शिवी दिली असती. आमच्या गल्लीत भांडणं होतात. बायका एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साला एकाच बाकावर बसतात. तिथं समोरच्याला उलट बोलायची मुभा असते. इथं तोंडच शिवलं होतं. मारणारे बारा, आणि मार खाणाऱ्यानं आभार मानायचे. याला ते कौशल्य म्हणत होते, आणि मला त्यात दहापैकी नऊ गुण मिळाले.

* * *

त्या नऊ गुणांची शिकवणी मी घरी घेऊन गेले.

सकाळी दोनदा आंघोळ करायला लागले. कपडे दोरीवर वाळत घालायचे बंद केले, कारण आमच्या दोऱ्यांच्या पलीकडेच बोंबील वाळतात. खोलीत पंख्याखाली वाळवायचे, कुबट वास यायचा, तो चालायचा. डब्यात मासळी नको म्हटलं. आयनं विचारलं, "तब्बेत बरी नाय काय?" मी म्हटलं, बरी आहे. हळू आवाजात, मॅडमसारखं.

एक दिवस आय दारातून हाक मारत आली. हातात बर्फाचं पाणी गळणारी पिशवी, चेहरा खुशीत. बाबांच्या होडीला चांगली मासळी लागली होती, ते सांगत होती. शेजारी ऐकत होते. आणि माझा हात उठला. पंजा पालथा. हळूहळू खाली.

आय थांबली. तिला खूण कळली नाही. "काय गो? काय झालं?"

"हळू बोल ना जरा. सगळीकडे ओरडायलाच पाहिजे का?"

ती आधी हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "मी जोरान बोलते काय?"

"हो. लाज वाटते."

हे मी बोललेय. मॅडम नाही, शांभवी नाही. मी.

आयनं पिशवी मोरीत ठेवली आणि मासळी साफ करायला बसली. त्या दिवसापासून ती घरात हळू बोलायला लागली. मधेच आवाज चढला की स्वतःच थबकायची, माझ्याकडे बघायची आणि उरलेलं वाक्य पुटपुटायची. ज्या बाईच्या एका हाकेनं धक्का गप्प होतो ती स्वयंपाकघरात पुटपुटत होती. एकदा मी धक्क्यावर गेले होते तेव्हा फिलूमावशी तिला विचारत होती, "तुझा घसा बसला काय गो? आज काय ऐकूच आलं नाय." आयनं माझ्याकडे बघितलं नाही. "हां, बसलाय जरा," म्हणाली.

मला तेव्हा बरं वाटलं. आय सुधारतेय, असं वाटलं.

* * *

सत्राच्या शेवटी कार्यक्रम ठेवला. बाहेरून पाहुणे येणार होते, विद्यापीठातले. आमच्या विषयामुळे विद्यार्थी कसे बदलतात ते त्यांना दाखवायचं होतं. मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "दोन मिनिटांचं भाषण तू करायचंस. मी लिहून देते. आणि आईला आण. पहिल्या रांगांमध्ये बसवू. पाहुण्यांना असं आवडतं." आणि वर म्हणाल्या, "मुलाखतींसाठी नावं पाठवायची आहेत, त्यात तुझं पहिलं घालते."

त्यांनी भाषणाच्या कार्डावर मथळा लिहिला होता, 'नंतर'. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नंतर आहे म्हणजे आधी असणार. मी विचारलं नाही. मला ती नोकरीची मुलाखत दिसत होती.

आयनं त्या दिवशी लिलाव दुसऱ्या बाईवर सोपवला. मला आठवतं तसं हे पहिल्यांदाच. लग्नकार्याची साडी नेसली. रिक्षात बसताना मला विचारलं, "तिथं मी काय बोलू?" मी म्हटलं, काही बोलू नकोस.

हॉल भरलेला. आय तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभी, हातात कार्ड. मॅडमनी गोड आवाजात सुरुवात केली, "आमच्याकडे मुलं कुठून कुठून येतात ते आधी बघू या." दिवे मंद झाले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'आधी'.

आणि मी. कमरेला ओढणी. मांडीवर थाप. शिवी.

हॉल हसला. पाहुणे हसले. आयही हसली. हे मी बघितलं. सगळे हसतायत म्हणून ती हसली. लेक पडद्यावर दिसतेय, लोकांना आवडतेय, एवढंच तिला कळलं होतं. तिला पडद्यावरचं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तिनं सवयीनं हात कानामागे नेला.

त्याच वेळी पडद्यावर मी हात कानामागे नेला. डोळे बाहेर काढले. "काय? काय बोलतंस? जोरान बोल!"

आयचं हसू तसंच राहिलं, पण हात खाली आला. कानामागून हळूहळू मांडीवर. मग तिनं तो दुसऱ्या हाताखाली झाकला. तिच्या शेजारच्या बाई अजून हसत होत्या, आयच्या खांद्याला धक्का देऊन काहीतरी म्हणाल्या. आयनं मान हलवली.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला लाज म्हणत नाहीत. लाज मला दोन वर्षं वाटतच होती, आयची. हे वेगळं होतं. मी आयला विकलं होतं, चाळीस जणांच्या हसण्यावर, आणि ज्यांना विकलं त्यांनी तिला पुढं आणखी मोठ्या बाजारात उभं केलं होतं. लग्नकार्याच्या साडीत तिला मीच रिक्षातून घेऊन आले होते.

"आणि आता," मॅडम म्हणाल्या, "नंतर!"

टाळ्या. मी वर गेले. कार्डावरचं पहिलं वाक्य होतं, 'मी एका अशा वातावरणातून येते जिथे संवाद म्हणजे आरडाओरडा.' मी ते मनात वाचलं. कार्ड खिशात घातलं. माईकपासून दोन पावलं बाजूला झाले. मला माईक नको होता.

"मॅडम," मी म्हटलं, आणि तो आवाज आयचा होता, पूर्ण, धक्क्यावरचा. मागच्या रांगेतली माणसं दचकली. "तुम्ही शब्द दिला होता. या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील. चाळीस जणांसमोर दिला होता. तुम्ही शब्द फिरवला."

मॅडम हसतच होत्या. त्यांचा पंजा वर आला, पालथा, आणि हळूहळू खाली गेला. डावीकडे माझा वर्ग बसला होता. तिथूनही पंजे. दहा, वीस, किती ते मोजले नाहीत. सगळे एका लयीत खाली.

"खाली नाही होणार," मी म्हटलं. "हे जे तुम्ही बघितलंत ते खोटं आहे. माझी आय अशी नाही. ती शिवी देत नाही. ती कानामागे हात नेते ते एका म्हातारीचं ऐकायला. तुमच्या पुस्तकात ऐकण्यावर एक धडा आहे, चौदा पानांचा. त्यातलं एक पान या हॉलमध्ये कुणाला येत असेल तर तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या बाईला येतं. मी तिची नक्कल केली, तुम्हाला हसवायला. ती माझी चूक. पण मागितली तुम्ही, आणि दाखवली तुम्ही."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल.

मॅडमनी माईक घेतला. आवाज तसाच गोड. "बघा, भावना अनावर झाल्या की शिकलेलं कसं पुसलं जातं. म्हणूनच हा विषय पदवीच्या तिन्ही वर्षांना हवा, अशी आमची मागणी आहे." पाहुण्यांनी मान डोलावली. एकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. आणि टाळ्या झाल्या. मॅडमना.

* * *

परतताना रिक्षात आय बाहेर बघत होती. गावाजवळच्या किल्ल्याच्या भिंती आल्या तेव्हा बोलली.

"तुना मी तशी दिसते?"

"नाय, आय. मी खोटं केलं."

"मंग लोक हसली का?"

मी तिचा हात धरायला गेले, तिनं सोडवून घेतला. रागानं नाही. पर्स सावरायची होती म्हणून, असं दाखवत. मी म्हटलं, "मला माफ कर."

"मना नको सांगू," आय म्हणाली. "धक्क्यावर सांग. लोक हसली ती सगल्यांसमोर. तर सांगनं पन सगल्यांसमोर."

आमच्यात तसंच आहे. चारचौघांत केलेली चूक घरात बसून मिटत नाही. जिथं बायका जमतात तिथं उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं लागतं. मग त्या काय करतील ते त्यांच्यावर.

तोवर चित्रफीत पाचूबंदरात पोचली होती. कुणी पाठवली ते कळलं नाही. शांभवीच्या मोबाईलमधून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी घ्यायला आलेल्या एका बाहेरच्या माणसानं आयसमोरच ती लावली, आवाज मोठा करून. आय भाव पुकारत होती. ती थांबली नाही. पुकारत राहिली.

लिलाव संपल्यावर मी मधे उभी राहिले. भोवती बायका, पायाखाली खवलं आणि वितळलेला बर्फ. मी सांगितलं. वर्गातलं, पेनाचं, थँक यूचं, घरात आयला केलेल्या खुणेचं. सगळं, मोठ्यानं.

कुणी रडलं नाही. कुणी जवळ घेतलं नाही. एक बाई म्हणाली, "शिकून हेच शिकली काय?" दुसरी टोपली उचलून चालू लागली. फिलूमावशी तिच्या बसक्या आवाजात काहीतरी बोलली. आय नेहमीसारखी वाकली नाही. मग मी वाकले, हात कानामागे नेऊन.

"तू सांगितलंस," फिलूमावशी म्हणत होती. "ती कवा येनार?"

"कोण?"

"तुझी मास्तरीन. शब्द तिचा फिरला ना? तिला सांग, हितं ये."

* * *

दोन दिवसांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅडम तिथंच होत्या. टेबलावर टाईप केलेला कागद. 'माझ्या आक्रमक वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे.' खाली माझ्या सहीची जागा.

"सही कर," प्राचार्य म्हणाले. "प्रकरण संपेल. नाहीतर अंतर्गत गुण शून्य. विषय राहील, पुढच्या वर्षी पुन्हा बसावं लागेल."

मॅडम म्हणाल्या, "मला तुझी काळजी वाटते गं. मुलाखतीच्या यादीत अजून तुझं नाव आहे."

मी घरून कागद लिहून नेला होता. माझ्या हातानं, मराठीत. त्यात दोनच गोष्टी होत्या. ती चित्रफीत कॉलेजच्या प्रत्येक ठिकाणाहून काढून टाकावी, आणि मॅडमनी पाचूबंदरच्या धक्क्यावर येऊन, सकाळच्या लिलावाला जमलेल्या बायकांसमोर सांगावं की त्यांनी शब्द फिरवला.

प्राचार्यांनी वाचलं आणि हसले. "मॅडम? मासळीच्या धक्क्यावर?"

"हो," मी म्हटलं. "माझी आय तुमच्या हॉलमध्ये आली होती."

त्यांनी हसणं थांबवलं. मॅडमनी माझा कागद दोन बोटांनी उचलला, वास येत असल्यासारखा, आणि परत माझ्यासमोर ठेवला. "हे असं नसतं. याला संवाद म्हणत नाहीत."

मी त्यांच्या कागदावर सही केली नाही. माझ्या कागदावर ऑफिसात पोचीचा शिक्का मारून घेतला. खिडकीतल्या बाई मारत नव्हत्या, मी खिडकीसमोरून हलले नाही, मागे रांग लागली, मग मारला.

निकाल लागला. संवाद कौशल्यात नापास. मुलाखतीच्या यादीतून नाव गेलं, त्या जागी शांभवी गेली. आय अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. घरात तिचा आवाज पूर्वीसारखा झालेला नाही, आणि तो माझ्यामुळे गेलाय हे मला रोज ऐकू येतं. ते माझ्यावर आहे. मी ते कुणाच्या अंगावर ढकलणार नाही.

पण मॅडमचं मॅडमवर आहे. दर सोमवारी मी त्या कागदाची नवी प्रत घेऊन ऑफिसात जाते आणि शिक्का मागते. आता बाई मला बघितल्यावर शाईचा डबा आपणहून उघडतात. पुढच्या वर्षी मी तोच विषय, त्याच वर्गात, त्याच मॅडमसमोर घेणार आहे. पहिल्या बाकावर. त्या पुन्हा नापास करतील तर करोत, मी पुन्हा बसेन. या घरातून निघताना जो आवाज असतो त्याच आवाजात हजेरी देईन, आणि ज्या दिवशी त्या कुणा मुलीला म्हणतील की तुझी आई कशी बोलते ते करून दाखव, त्या दिवशी त्या मुलीच्या आधी मी उभी राहीन. लिलाव रोज सकाळी असतो. मॅडमना पत्ता माहीत आहे. त्या येईपर्यंत मी मागत राहणार.